रॅचेटचा स्क्रूड्रायव्हर नेमका कुठे हार मानतो?

साधा स्क्रूड्रायव्हर म्हणजे मुठीत पक्का बसवलेला पोलादाचा दांडा. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. फार तर टोक झिजतं किंवा मूठ सैल होते. रॅचेटवाल्यात, म्हणजे ज्याची मूठ मागे नेली तरी स्क्रू उलटा फिरत नाही त्यात, मात्र मूठ आणि दांडा यांच्या मध्ये एक यंत्रणा येऊन बसते आणि हाताचा सगळा जोर तिच्यातूनच स्क्रूपर्यंत पोचतो. त्यामुळे विकत घेताना मनात येणारी शंका रास्त आहे: आतले ते बारीक दात किती जोर सोसतील आणि किती वर्षं? पाकिटावर दातांची संख्या ठळक छापलेली असते. पण त्या आकड्यात या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि पुष्कळदा तो आकडा आपल्याला चुकीच्या बाजूला नेतो.

आधी आत काय असतं ते पाहू. दांड्याच्या मागच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं. मुठीच्या बाजूला, एका पोकळ घरात, एक किंवा अधिक खिट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक खिटीला मागून बारीक स्प्रिंग दातांवर दाबून धरते. खिटी दाताला तिरकी टेकलेली असते. मूठ एका दिशेने फिरवली की दात खिटीला स्वतःकडे ओढून घेतो, ती अडकते आणि दांडा मुठीबरोबर फिरतो. उलट फिरवली की तोच दात खिटीला बाजूला ढकलतो, ती एकेका दातावरून उडी मारत जाते आणि तो ओळखीचा कटकट आवाज येतो. सायकलचं पायडल थांबवल्यावर मागच्या चाकातून येणारा आवाज याच रचनेचा. मुठीच्या गळ्याशी असलेली कडी फिरवून कोणत्या दिशेची खिटी कामाला लावायची ते ठरतं. कडी मधोमध ठेवली तर दोन्ही दिशांनी दांडा मुठीशी जखडला जातो.

हाताचा जोर किती, दातावर किती

स्क्रू फिरवणाऱ्या जोराला आपण इथे पीळ म्हणू. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. १ मीटर लांबीच्या आडव्या दांडीच्या टोकाला साधारण १०० ग्रॅम वजन टांगलं तर दुसऱ्या टोकाला जेवढा पीळ बसतो, तो १ न्यूटन-मीटर. स्क्रूड्रायव्हरची जाड मूठ घट्ट पकडून माणूस एका मनगटाने ढोबळमानाने ५ ते १० न्यूटन-मीटर पीळ देऊ शकतो. तुलनेसाठी, यंत्रांमध्ये सर्रास वापरला जाणारा ८.८ दर्जाचा ४ मिलिमीटर व्यासाचा पोलादी बोल्ट ३ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात आणि ६ मिलिमीटरचा १० च्या आसपास. म्हणजे ६ मिलिमीटरपाशी मनगटाची हद्द संपते आणि त्यापुढच्या बोल्टला माणूस आपोआप पाना शोधतो.

ही हद्द फार महत्त्वाची आहे. रॅचेटचा स्क्रूड्रायव्हर बनवणाऱ्याला अमर्याद जोराची तयारी करावी लागत नाही. मनगटापेक्षा थोडी जास्त ताकद आत ठेवली की काम झालं. प्रश्न एवढाच की अंगठ्याएवढ्या जागेत ती ताकद मावते का.

हिशोब करून पाहू. आतल्या दातेरी चाकाचा व्यास १२ मिलिमीटर धरला तर त्रिज्या ६ मिलिमीटर. १० न्यूटन-मीटरचा पीळ ६ मिलिमीटर अंतरावर अडवायचा तर दातावर सुमारे १,६७० न्यूटन दाब येतो, म्हणजे जवळपास १७० किलो वजनाचा भार. हा भार कशावर? दाताची खोली अर्धा मिलिमीटर आणि रुंदी ५ मिलिमीटर असेल तर खिटी आणि दात यांची गाठ पडते ती फक्त अडीच चौरस मिलिमीटर जागेत. दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६७० न्यूटन. मऊ, साधं लोखंडी पोलाद २५० च्या आसपासच दबायला लागतं. साच्यात ओतलेला जस्ताचा मिश्रधातू, जो स्वस्त अवजारांत सगळीकडे दिसतो, साधारण २८० ला तुटतो. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक केलेलं, चांगलं हत्यारी पोलाद मात्र २,००० पर्यंत तग धरू शकतं. म्हणून दात आणि खिटी पाणी दिलेल्या पोलादाची असतील तर हाताच्या जोराला ती पुरून उरतात, आणि जस्ताची असतील तर कधीतरी चेपणारच.

दांड्याची काळजी तर करूच नये. ६ मिलिमीटरच्या गोल दांड्याला १० न्यूटन-मीटर पीळ दिला तर त्याच्या पृष्ठभागावरचा ताण येतो दर चौरस मिलिमीटरला साधारण २३५ न्यूटन. चांगल्या पोलादाला हे काहीच नाही. पण इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: जाडी निम्मी झाली की तोच पीळ ८ पट ताण देतो. दांडा किंवा बिटची (दांड्याच्या टोकाला बसवायच्या सुट्या टोकाची) मान ३ मिलिमीटरची असेल तर ताण १,९०० च्या घरात जातो. बारीक बिटं कटकन मोडतात ती या हिशोबाने. त्यात रॅचेटचा दोष नसतो, आणि पुष्कळदा बिटच आधी मोडून रॅचेटला वाचवतं.

दातांची संख्या

आता पाकिटावरच्या आकड्याकडे येऊ. ३६० अंशांना दातांच्या संख्येने भागलं की मूठ किती मागे नेल्यावर पुढचा दात पकडतो ते कळतं. २४ दात असतील तर १५ अंश, ३६ असतील तर १०, ७२ असतील तर ५. कमी अंश म्हणजे अडचणीच्या जागी सोय, हे खरं आहे. पण त्याची किंमत आत मोजावी लागते. १२ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर ३७.७ मिलिमीटर. त्यावर २४ दात बसवले तर एका दाताच्या वाट्याला १.५७ मिलिमीटर जागा येते. ७२ बसवले तर ०.५२ मिलिमीटर. जागा कमी झाली की दाताची खोलीही त्याच प्रमाणात कमी होते. मग खिटीला धरायला उरते ती एक पातळशी कड. धुळीचा एक कण तिथे अडकला तरी पकड अर्धवट बसते.

यावर उत्तर म्हणून खिटीच्या तोंडाला एकाऐवजी तीन-चार दात काढतात, म्हणजे भार वाटला जातो. हे उत्तर चांगलं आहे, मात्र खिटीचे सगळे दात एकाच वेळी नेमके बसतील इतकं काम अचूक हवं. एखादाच बसला तर बाकीचे नुसते शोभेला राहतात.

दुसरी युक्ती जास्त चलाख आहे आणि तिच्याबद्दल गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही. चाकाला ३६ च दात ठेवायचे, पण दोन खिट्या अर्ध्या दाताच्या फरकाने बसवायच्या. एक खिटी दातात असते तेव्हा दुसरी दाताच्या डोक्यावर. दर ५ अंशांनी कुठलीतरी एक पकडते, त्यामुळे एका फेरीत ७२ थांबे मिळतात आणि दात जाडच राहतात. पण भार एका वेळी एकच खिटी उचलते. हेच दोन खिट्या एकाच वेळी पकडतील अशा बसवल्या तर भार निम्मा निम्मा होतो, थांबे मात्र ३६ च मिळतात. ‘दोन खिट्या’ एवढंच वाचून दुप्पट मजबुती समजू नये.

माझं मत विचाराल तर स्क्रूड्रायव्हरमध्ये फार बारीक दातांचा हव्यास धरण्यात अर्थ नाही. इंजिनाच्या कोपऱ्यात लांब दांड्याचा पाना जेमतेम हलवता येतो, तिथे ५ अंशांचं मोल आहे. स्क्रूड्रायव्हरची मूठ मात्र आपण हाताच्या रेषेत धरतो आणि एका दमात सहज १०० अंशांहून जास्त फिरवतो. त्यात १५ अंश वाया गेले तरी काम अडत नाही. २४ ते ३६ जाड दात आणि त्यांत पूर्ण खोल बसणारी खिटी, ही मला जास्त शहाणी निवड वाटते.

झीज खरी कुठे होते

‘एवढं कटकट करतंय म्हणजे झिजतच असणार’ असं अनेकांना वाटतं. आकडे मोठे होतात हे खरं. आट्यांमध्ये २ मिलिमीटर अंतर असलेला ४० मिलिमीटर लांब लाकडाचा स्क्रू म्हणजे २० फेरे. एका दमात १२० अंश फिरवले तर ६० वेळा मूठ मागे न्यावी लागते, आणि ३६ दातांच्या चाकावर दर वेळी १२ कटकट. एका स्क्रूला ७२० झाले, शंभर स्क्रूंना ७२ हजार. पण मागे जाताना खिटीवर फक्त त्या बारीक स्प्रिंगचा दाब असतो. त्या घासण्याने कडक पोलाद फारसं झिजत नाही. स्प्रिंग मात्र इतक्या वेळा दबून सुटते की हलकी असेल तर थकते, ढिली पडते, कधी तुटतेही.

आणि स्प्रिंग ढिली पडली की खरा धोका सुरू होतो. खिटी दातात पूर्ण न उतरता दाताच्या टोकावर टेकते. त्याच क्षणी आपण जोर लावला तर तो सगळा भार अडीच चौरस मिलिमीटरऐवजी केसाएवढ्या कडेवर येतो. कड चेपते, खिटी निसटते, मूठ एकदम पुढे जाते. आता कड गोल झालेली असते, म्हणून पुढच्या वेळी निसटणं आणखी सोपं. रॅचेटचा ऱ्हास असा होतो: बराच काळ काही नाही आणि मग थोड्याच दिवसांत सगळं.

म्हणून टिकाऊपणा वापरणाऱ्याच्या हातात बराच आहे. मूठ मागे नेऊन पुन्हा पुढे आणताना आधी हलकेच फिरवावी, दात लागल्याचं बोटांना जाणवलं की मग जोर द्यावा. झटका देऊन सुरुवात करणं ही रॅचेट मारायची खात्रीची रीत आहे. आतलं ग्रीस सुकून चिकट झालं तरी हेच घडतं, कारण स्प्रिंग बिचारी खिटीला त्या चिकट थरातून वेळेवर पुढे आणू शकत नाही. थंडीत जाड ग्रीस आणखी आळसावतं. लाकडाचा भुसा, भिंतीतली धूळ, गंज हे सगळे त्याच वाटेने नुकसान करतात.

खिट्यांचं घर हा भागही विसरला जातो. खिटी दाताला अडवते तेव्हा ती मागच्या भिंतीवर तितक्याच जोराने रेटते. दात आणि खिटी उत्तम पोलादाची, पण घर प्लास्टिकचं किंवा पातळ जस्ताचं, अशी जोडी असेल तर घर हळूहळू रुंदावतं, खिटीला मागे सरकायला जागा मिळते आणि पकड सुटते. बिटं ठेवायला मूठ पोकळ केलेली असेल तर भिंतींना जागा आणखी कमी मिळते. मुठीत बिटं साठवायची सोय मलाही आवडते, पण ती सोय देताना घर पोलादाचंच ठेवलं आहे ना, हे पाहायलाच हवं.

फुलीच्या खाचेचा स्क्रू फिरवताना आपण मुठीवर पुढे दाबही देतो, नाहीतर बिट खाचेतून वर उसळतं. हा दाब दांड्याच्या मागच्या टोकाकडून घराच्या तळाशी जातो. तळाला धातूची चकती नसेल तर दांडा प्लास्टिकला कुरतडत राहतो आणि काही काळाने पुढे-मागे खेळायला लागतो. दांडा खेळू लागला की चाक आणि खिटी समोरासमोर राहत नाहीत, दाताची अर्धीच रुंदी कामी येते.

खाचेच्या आकाराचा आणखी एक परिणाम आहे. हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात बाजारात आणलेल्या फुलीच्या खाचेतून जास्त पीळ झाला की बिट बाहेर निसटतं. स्क्रूचं डोकं खराब होतं, पण रॅचेट वाचतं. १९६७ साली अमेरिकेतल्या कॅमकार टेक्स्ट्रॉनने आणलेल्या टॉर्क्स या सहा पाकळ्यांच्या खाचेत बिट निसटत नाही. मनगटाचा सगळा पीळ जसाच्या तसा पलीकडे जातो, आणि अर्थात आतल्या दातांवरही येतो. टॉर्क्सची कामं जास्त असतील तर रॅचेट निवडताना हात आखडता घेऊ नये.

कुलूप लावलं म्हणजे मजबूत झालं का?

गंजलेला स्क्रू सोडवताना कडी मधोमध करून मग जोर लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामागची समजूत अशी की कुलूप लागलं की रॅचेट बाजूला पडतं. पुष्कळ स्क्रूड्रायव्हरांत तसं नसतं. मधल्या जागी दोन्ही दिशांच्या खिट्या एकदम दातात उतरतात, इतकंच. सैल करण्याच्या दिशेचा भार तरीही सैल करणाऱ्या खिटीवरच येतो, त्याच दातांवर, तेवढाच. खेळ थोडा कमी होतो, ताकद वाढत नाही. दांडा थेट मुठीच्या षटकोनी खोबणीत ढकलून जखडणारी रचना असेल तर गोष्ट वेगळी. तिथे भार खरोखर रॅचेटला वळसा घालून जातो.

दांड्यावर षटकोनी भाग असेल आणि पाना लावायचा असेल तर तो रॅचेटच्या पुढे, बिटच्या बाजूला लावावा. मग मुठीने फक्त दाब द्यायचा, पीळ पान्याचा. मुठीला पकड किंवा नळी लावून पीळ वाढवणं मात्र टाळावं. सुरुवातीला पाहिलेली मनगटाची हद्द हेच आतल्या रचनेचं संरक्षण होतं, आणि नळी लावली की ते संरक्षण आपणच काढून टाकतो. मुठीवर हातोडी मारणं त्याहून वाईट. दांड्यावरचा धक्का थेट तळाच्या चकतीवर आणि दातांवर जातो, आणि कडक पोलाद धक्क्याने चेपत नाही, त्याचा टवका उडतो. अशा हट्टी स्क्रूसाठी सलग पोलादी दांड्याचा साधा स्क्रूड्रायव्हरच बाहेर काढावा. एकदा स्क्रू हलला की पुढचे वीस फेरे रॅचेटचे.

काही स्क्रूड्रायव्हरांत दातच नसतात. गुळगुळीत दांडा आणि तिरक्या भिंती यांच्या मध्ये छोटे रूळ असतात. एका दिशेने ते पाचरीसारखे अडकतात, उलट दिशेने मोकळे होतात. आवाज नाही, अंश वाया जात नाहीत. वापरायला फार सुखद. मात्र त्यांची पकड घर्षणावर चालते, म्हणून चुकीचं तेल गेलं किंवा भिंतीत खड्डे पडले की ते हळूच सरकायला लागतात. नेमकं बनवलेलं रूळवालं रॅचेट उत्तम. स्वस्तातलं घेण्यापेक्षा दातांचंच बरं.

फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्स कंपनीचा ‘यांकी’ इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मूठ पुढे ढकलली की दांड्यावरच्या मळसूत्री खाचांमुळे बिट आपोआप फिरायचं. १९४६ साली स्टॅनलीने ही कंपनी घेतली. ते जुने स्क्रूड्रायव्हर आजही कामाच्या हातांत सापडतात. जाडजूड धातूचे भाग आणि उघडून साफ करता येण्याजोगी रचना, ही त्यांच्या टिकण्यामागची कारणं मला स्पष्ट दिसतात. आज चिकटवून बंद केलेल्या मुठी पाहिल्या की याची उणीव जाणवते.

हातात घेऊन काय पाहावं

बिटचं टोक एका हातात पकडून मूठ दोन्ही दिशांना हलकेच हलवावी. कडी मधोमध असताना खेळ जितका कमी तितकं बरं. दांडा डावी-उजवीकडे डुलत असेल तर तो नको. मग कडी घट्ट करण्याच्या दिशेला ठेवून, मूठ धरून दांडा दोन बोटांनी मोकळ्या दिशेने फिरवावा. फार अडत असेल तर ढिला स्क्रू लावताना मूठ मागे नेली की स्क्रूही उलटा फिरून बाहेर येईल. अगदीच सैल, आवाज पोकळ असेल तर स्प्रिंग अशक्त आहे. त्यानंतर एकेक दात पुढे सरकवत प्रत्येक दातावर थोडा जोर देऊन पाहावं, पूर्ण फेरा. एखाद्याच जागी निसटलं तर चाकाचा तो दात कच्चा आहे. बिट बसायची षटकोनी खोबण, जिचं प्रमाण माप पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर असतं, तीही तपासावी. बिट त्यात खूप हलत असेल तर कोपरे लवकर गोल होतील.

विजेच्या चालू तारांजवळ मात्र असा स्क्रूड्रायव्हर वापरू नये. १,००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाची अवजारं असतात, ती १०,००० व्होल्टला तपासलेली असतात. रॅचेटवाल्याचा दांडा सहसा उघडाच असतो, आणि रबरी मूठ म्हणजे विद्युतरोधक मूठ नव्हे.

मूठ उघडता येत असेल तर वर्षाकाठी कधीतरी उघडून, जुनं ग्रीस पुसून, पातळ ग्रीसचा अगदी हलका हात द्यावा. उघडताना स्प्रिंग उडून हरवतात, म्हणून कापडावर उघडावी. गंज सोडवणारा फवारा हे वंगण नव्हे. तो जुनं ग्रीस विरघळवतो आणि स्वतःही फार काळ टिकत नाही. रॅचेट पहिल्यांदा निसटलं की तेव्हाच थांबून साफ करावं, कारण त्या वेळी कड बहुतेक शाबूत असते. साफ करून, स्प्रिंग बदलूनही निसटत असेल तर भिंगाखाली खिटीची कड बघावी. ती गोल दिसली तर कानशीने धार काढण्याच्या फंदात पडू नये: खिटीचा फक्त वरचा थर कडक केलेला असेल तर तो निघून जातो आणि टेकण्याचा कोनही बदलतो. खिटी सुटी मिळत असेल तर ती बदलावी, आणि त्याच वेळी चाकाचे दातही नीट पाहून घ्यावेत, कारण गोल झालेल्या दातांवर नवी खिटीही पुन्हा निसटणारच.